बॅकिंग ट्रॅकवर सोलो दर वेळी मागे पडतोय? आधी अंगण मोजा

प्रॉब्लेम असा आहे. घरी बसून बॅकिंग ट्रॅक केला, म्हणजे आधी ड्रमचा ठेका, त्यावर बेस, त्यावर ऱ्हिदम गिटार, सगळं एकावर एक रेकॉर्ड केलं, मग तो ट्रॅक हेडफोनला लावून त्यावर सोलो घेतला. वाजवताना मस्त वाटलं, अगदी ठेक्याला चिकटून, आणि परत ऐकलं तर सोलो मागे. फार नाही, जराच. चुकला असं ठामपणे म्हणता येत नाही, पण ऐकताना पायाने ताल धरला की पाय अडखळतो. मग परत घेता, परत तेच. कुठलं तरी सेटिंग बदलता, त्या दिवशी ठीक होतं, आणि पुढच्या शनिवारी पहिले पाढे पंचावन्न.

माझं हे जवळजवळ आठ महिने चाललं होतं. मी मेट्रोनोम लावून रोज अर्धा तास वाजवायला लागलो, ६० पासून सुरू करून एकेक पायरी वर. हात सुधारला, ते खरंच, पण रेकॉर्डिंगमधला सोलो होता तिथेच. शेवटी आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काका आहेत, आयुष्यभर तबला वाजवलाय त्यांनी, त्यांना खाली बोलावलं आणि म्हटलं, "काका, जरा ऐका ना, माझी लय कुठे जातेय सांगा." त्यांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली, मांडीवर बोटं चालूच होती, आणि म्हणाले, "हे बघ, बेताला माणूस कधी पुढे पळतो, कधी मागे राहतो. तू दर समेला तेवढाच मागे आहेस. इतकं एकसारखं चुकणं माणसाला जमत नाही, हे तुझ्या मशीनचं काहीतरी आहे."

हे वाक्य ऐकलं आणि मग सगळं सुटत गेलं, म्हणून ते आधी सांगितलं. आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, त्यामुळे आपण सामानाला दोष द्यायला लाजतो आणि आधी स्वतःला दोष देऊन मोकळे होतो. पण घरच्या रेकॉर्डिंगमध्ये अंगण बऱ्याचदा खरोखरच वाकडं असतं, आणि मुख्य म्हणजे ते किती वाकडं आहे हे मोजता येतं, एका केबलने, पाच मिनिटांत. ते मोजल्याशिवाय स्वतःच्या हाताबद्दल काहीही ठरवू नका.

आता नेमकं काय होतं ते. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, बादली भरली की ओततो. त्या बादलीला बफर म्हणायचं. बफर ५१२ सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या ५१२ बारीक नोंदींचा असेल आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पल चालत असतील तर एक बादली भरायला ११.६ मिलीसेकंद लागतात, १२८ चा असेल तर २.९. ट्रॅक तुमच्या कानापर्यंत यायला एक बादली, तुम्ही वाजवलेलं आत जायला दुसरी, शिवाय इंटरफेसच्या (गिटार आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि त्याच्या ड्रायव्हरच्या (तो डबा चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या बादल्या वेगळ्या. म्हणजे ठेका तुम्हाला मुळातच उशिरा ऐकू येतो, तुम्ही त्या उशिरा आलेल्या ठेक्यावर अगदी बरोबर वाजवता, आणि ते आत जाताना अजून उशीर. दोन्ही उशिरांची बेरीज करून सॉफ्टवेअरने नवीन ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, सरकवायचा असतो. तो सरकवतो पण, फक्त किती सरकवायचं याचा त्याचा अंदाज तुमच्या मशीनला लागू पडेलच असं नाही. ऑडॅसिटी या फुकट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा मुळात उणे १३० मिलीसेकंद दिलेला असतो. माझ्या सेटअपला लागत होते उणे १७७. राहिला फरक ४७ मिलीसेकंदांचा.

४७ म्हणजे किती? ९० च्या लयीत एक मात्रा ६६७ मिलीसेकंदांची, चौगुणीतला, म्हणजे मात्रेच्या चार तुकड्यांतला, एक तुकडा १६७ चा. त्या तुकड्याच्या पाव भागापेक्षा थोडं जास्त. म्हणूनच धड चुकलं असं वाटत नाही आणि धड बरोबरही नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशोबाने ड्रमर तुमच्यापासून सोळा मीटर लांब बसवल्यासारखं झालं, आमच्या बिल्डिंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढ्या अंतरावर बसून कोणाचा ताल जुळेल?

हे काही कॉम्प्युटरचंच दुखणं नाही बरं का. टेपच्या काळात पण हेच होतं. टेप मशीनमध्ये रेकॉर्ड करणारं हेड वेगळं आणि ऐकवणारं हेड वेगळं, दोन्हींमध्ये अंतर. टेप सेकंदाला १५ इंच धावतेय आणि हेडमध्ये दीड इंच अंतर आहे असं धरलं तर १०० मिलीसेकंदांचा फरक आलाच. मग अँपेक्स कंपनीने अशी सोय केली की ओव्हरडब करताना, म्हणजे जुन्या ट्रॅकवर नवीन थर देताना, रेकॉर्डिंगचं हेडच जुने ट्रॅक ऐकवण्यासाठी वापरायचं, म्हणजे अंतरच संपलं. याला सेल-सिंक म्हणायचे, आणि ही सोय असलेलं आठ ट्रॅकचं मशीन १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांच्या घरी पोचलं, जे त्याच्या कितीतरी आधीपासून घरीच स्वतःवर स्वतःचे थर चढवत होते. घरी ट्रॅक करून त्यावर वाजवणाऱ्या माणसासाठीच हा उपाय आधी निघाला, याचं मला फार बरं वाटतं.

तर मोजायचं कसं. इंटरफेसच्या मागे लाइन आउट असतं, त्यातल्या डाव्या भोकात एक साधी गिटारची केबल लावा आणि दुसरं टोक पुढच्या इनपुटमध्ये. इनपुटचं बटण इन्स्ट्रुमेंटवरून लाइनवर घ्या, गेन अगदी खाली, आणि डायरेक्ट मॉनिटर (आत आलेला आवाज इंटरफेसमधूनच परत ऐकवणारं बटण) बंद करा, सॉफ्टवेअरमधलं तेच काम करणारं प्लेथ्रू पण बंद करा, नाहीतर आवाज गोल गोल फिरून किंचाळी फुटेल, स्पीकर आणि कान दोन्हींना वाईट, हेडफोन काढूनच ठेवा. मग ऑडॅसिटीमध्ये ऱ्हिदम ट्रॅक जनरेट करा, लय ६०, आणि लेटन्सी (उशीर) कॉम्पेन्सेशनचा आकडा, म्हणजे वरचा उणे १३० वाला, प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ सेटिंग्जच्या पानावर असतो तो तात्पुरता शून्य करा. आता दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड दाबा आणि क्लिक वाजू द्या, चार-पाच मिनिटं, हो, पूर्ण चार-पाच मिनिटं, का ते पुढे सांगतो.

मग झूम करा. खूप झूम करा, इतकं की क्लिकचा एक ठोका स्क्रीनभर दिसेल. वरच्या ट्रॅकमध्ये सरळ रेष चाललेली असते आणि एका ठिकाणी ती एकदम उठते, खालच्या ट्रॅकमध्ये तीच रेष थोडी पुढे जाऊन उठते. उंच टोक पकडू नका, रेष जिथे पहिल्यांदा हलते ती जागा पकडा, कारण टोक कुठे येईल ते आवाजावर अवलंबून असतं. या दोन जागांमधलं सिलेक्ट केलं की खालच्या पट्टीत लांबी दिसते, ती मिलीसेकंदात बघा. माझी १७७ आली. ती तशीच उणे चिन्ह लावून आकड्याच्या खान्यात टाकायची, परत एकदा तीच टेस्ट घ्यायची आणि दोन्ही रेषा एकाखाली एक उठतायत का बघायचं. माझ्या उठल्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी त्या दोन रेषांकडे किती वेळ बघत बसलो होतो.

इंटरफेसला लाइन आउट नसेल किंवा तशी केबल नसेल तरी अडत नाही. वायरवाला हेडफोन घ्या आणि त्याचा एक कान इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला चिकटवून धरा. हेडफोनच्या आत कॉइल असते, पिकअप तिचं चुंबकीय क्षेत्र पकडतो, क्लिक थेट रेकॉर्ड होते. आवाज बारीक येतो पण मोजायला पुरतो, आणि यात तुमचा अख्खा खरा रस्ता मोजला जातो. अकूस्टिक असेल आणि माइकने घेत असाल तर हेडफोन माइकला चिकटवा. रीपर हे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखाली रेकॉर्डिंगच्या पानावर बघा, तिथे ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी वापरायची खूण असते आणि खाली हाताने आकडा टाकायची जागा असते. ड्रायव्हर जे सांगतो ते खरंच आहे का, हे तपासायला टेस्ट तीच.

आता चार-पाच मिनिटं क्लिक का वाजवायची. कारण एकाच ठिकाणी मोजून कळत नाही. सुरुवातीला मोजा, मध्ये मोजा, शेवटी मोजा. तिन्ही ठिकाणी फरक तोच आला तर तो निव्वळ उशीर आहे, आकडा टाका आणि विषय संपला. फरक हळूहळू वाढत गेला किंवा कमी होत गेला तर आकडा टाकून काहीही होणार नाही, ते दोन घड्याळांचं भांडण आहे. ट्रॅक वाजतोय एका यंत्रातून आणि रेकॉर्ड होतंय दुसऱ्या यंत्रात, उदाहरणार्थ बॅकिंग फोनवर आणि रेकॉर्डिंग लॅपटॉपवर, किंवा आउटपुट लॅपटॉपच्या जॅकमधून आणि इनपुट यूएसबी माइकमधून. प्रत्येक यंत्राचं स्वतःचं घड्याळ, ती कधीच तंतोतंत सारखी नसतात, चार मिनिटांत १०-२० मिलीसेकंदांचा फरक सहज पडू शकतो. उपाय एकच, ऐकणं आणि रेकॉर्ड करणं एकाच इंटरफेसमधून.

आणि तिसरा प्रकार म्हणजे फरक मध्येच एकदम बदलतो. दोन मिनिटांपर्यंत बरोबर आणि मग अचानक क्लिक लवकर आलेली दिसते, आणि तिथून पुढे लवकरच. म्हणजे तिथे सॅम्पल गळाले, बादली ओतायला कॉम्प्युटरला वेळ मिळाला नाही. ऑडॅसिटीच्या लक्षात आलं तर ती अशा जागी स्वतःच खूण करून ठेवते, त्या खुणा लोक कंटाळून पुसून टाकतात, पुसू नका, बघा. बफर वाढवा, ब्राउझर बंद करा, लॅपटॉप चार्जिंगला लावून पॉवर सेव्हिंग काढा, आणि इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. अशा टेकमध्ये सोलो दोन मिनिटांनंतर पुढे पळाल्यासारखा वाटतो आणि माणूस म्हणतो की मी एक्साइट होऊन धावलो. नाही धावलात.

बरं, एक गोष्ट वेगळी करून सांगतो कारण इथेच घोडं पेंड खातं आणि लोक दोन प्रश्न एकात घालतात. रेकॉर्ड झालेलं टाइमलाइनवर कुठे पडतं हा एक प्रश्न, आणि वाजवताना स्वतःची गिटार कानात किती उशिरा ऐकू येते हा दुसरा. वरचा आकडा फक्त पहिला सोडवतो. दुसऱ्यासाठी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर वापरा, त्यात गिटार कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येते. पण लॅपटॉपमधला अँप सिम्युलेटर (अँपसारखा आवाज करून देणारं सॉफ्टवेअर) लावून वाजवणार असाल तर ते चालत नाही, कारण आवाजच मुळी लॅपटॉपमध्ये तयार होतो, मग बफर १२८ च्या आसपास आणावाच लागतो आणि विंडोजवर असाल तर एएसआयओ नावाचा कमी उशिराचा ड्रायव्हर लागतो, इंटरफेसबरोबर आलेला नसेल तर एएसआयओ४ऑल फुकट मिळतो. हे रीपर किंवा तसल्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑडॅसिटीमध्ये एएसआयओ दिसला नाही तर तिथे विंडोजचा स्वतःचा वासापी निवडा. सगळं मिळून दहा मिलीसेकंदांपर्यंत आलं की पुरे, अँपपासून साडेतीन मीटरवर उभं राहिल्यासारखं आहे ते, स्टेजवर सगळे तसेच वाजवतात.

आणि ब्लूटूथ हेडफोन नको. खरंच नको. १०० ते ३०० मिलीसेकंदांचा उशीर असतो आणि तो कायम तोच राहील याची खात्री नसते. गाणी ऐकायला उत्तम, ओव्हरडबला अजिबात नाही. ३०० रुपयांचा वायरवाला चालेल.

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे हे परत परत का येतं. मी १७७ टाकले, दोन आठवडे सुखात गेले, आणि तिसऱ्या शनिवारी सोलो परत मागे. मला रडू यायचं बाकी होतं. शोधल्यावर कळलं की माझा लॅपटॉप सोमवार ते शुक्रवार ऑफिसचा, मीटिंगसाठी त्याला बिनवायरचा हेडसेट, इंटरफेस काढून ठेवलेला. इंटरफेस काढला की कॉम्प्युटर मिळेल ते दुसरं डिव्हाइस पकडतो आणि परत लावल्यावर मूळ जागेवर येतोच असं नाही. माझं होस्ट, म्हणजे ऑडॅसिटी विंडोजच्या कुठल्या रस्त्याने आवाज ने-आण करते ते, वासापीवरून परत एमएमई या जुन्या रस्त्यावर गेलं होतं, आणि १७७ हा आकडा वासापीचा होता. एमएमईचा आकडा वेगळा. तीच वायर, तीच गिटार, तोच इंटरफेस, फक्त एका ड्रॉपडाउनमध्ये तीन अक्षरं बदललेली. शिवाय इंटरफेस वेगळ्या यूएसबी पोर्टमध्ये लावला तर काही वेळा कॉम्प्युटर त्याला नवीनच पाहुणा समजतो आणि सेटिंग नव्याने करतो, तेव्हा पोर्ट ठरवून टाका. मी त्या पोर्टशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, बायकोची बाटली.

म्हणजे तो आकडा तुमचा नसतो, तो होस्ट, डिव्हाइस, बफर आणि सॅम्पल रेट या चौघांचा मिळून असतो, चौघांतला एक बदलला की आकडा शिळा. म्हणून मी लॅपटॉपच्या झाकणावर आतल्या बाजूने एक चिकटपट्टी लावली आहे, त्यावर चौघंही लिहिलेत आणि शेजारी १७७. रेकॉर्डिंगला बसलो की आधी ती पट्टी आणि स्क्रीन जुळतात का ते बघायचं.

सॅम्पल रेटचं जरा जास्त सांगतो कारण त्याने वेळच नाही तर सूरसुद्धा बिघडतो. ४८,००० वर केलेला ट्रॅक चुकून ४४,१०० समजून वाजवला गेला तर चार मिनिटांचा ट्रॅक चार मिनिटं एकवीस सेकंदांचा होतो आणि सूर जवळजवळ दीड स्वर-घर, म्हणजे दीड सेमीटोन, खाली जातो. ए मायनरमध्ये, आपल्या पांढरी सहामध्ये केलेला ट्रॅक जी आणि जी शार्पच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. गिटारचं ट्यूनिंग कितीही करा, फ्रेटवर ती जागाच नाही. असं काही वाटलं तर खुंट्यांना हात लावू नका, आधी प्रोजेक्टचा रेट आणि कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमधला रेट बघा.

थोडासाच सूर कमी-जास्त वाटत असेल तर मात्र कारण साधं असतं. बॅकिंग गेल्या रविवारी केला, आज तारा बदलल्या. किंवा ट्रॅकमध्ये घरची पेटी घेतली आहे, आणि घरच्या पेट्यांचा ए ट्यूनरसारखा ४४० हर्ट्झला असेलच असं कोणी सांगितलं? तेव्हा गिटार पेटीला लावा, अॅपला नाही, आणि क्लिपवाल्या ट्यूनरमध्ये ४४० चा आकडा बदलता येतो तो पेटीप्रमाणे बदलून घ्या. मी आता प्रत्येक बॅकिंगच्या सुरुवातीला ए ची मोकळी तार पाच सेकंद वाजवून ठेवतो, मग दोन बार काठ्यांची मोजणी, मग ट्रॅक. महिन्याभराने उघडला तरी कशाला लावायचं ते त्या तारेतच आहे. आणि ती मोजणी दुसऱ्या कामालाही येते, फोनवर वाजवून लॅपटॉपमध्ये घेतलंच असेल तर त्या काठ्यांच्या ठोक्यावरून निदान सुरुवात तरी हाताने जुळवता येते.

लूपवाल्यांसाठी एक. चार बारचा तुकडा एमपीथ्री करून तो गोल गोल फिरवू नका. एमपीथ्री होताना सुरुवातीला आणि शेवटी शांततेचे तुकडे जोडले जातात, बरेच प्लेअर ते काढत नाहीत, प्रत्येक फेरीला साधारण २५ ते ५० मिलीसेकंद वाढतात. दर चार बारनंतर सम किंचित थबकते आणि तुम्ही तिथे दर वेळी आधी पोचता. वेव्ह किंवा फ्लॅक ठेवा. मित्राला पाठवायचा असेल तर फाइल म्हणून पाठवा, व्हॉइस नोट म्हणून नाही.

एकावर एक थर देणाऱ्यांनी अजून एक बघावं. आकडा चुकीचा असताना तुम्ही ड्रमवर बेस घेतला, तो ४७ ने मागे. मग ड्रम हळू करून बेसचा कान धरून ऱ्हिदम घेतली, ती बेसपेक्षा ४७ ने मागे, ड्रमपेक्षा ९४ ने. त्यावर सोलो. आता सोलो ऱ्हिदमशी बराच जुळतो, फक्त ड्रम पळतायत असं वाटतं, आणि आपण ड्रम बदलत बसतो. जुने ट्रॅक वाचवायचे असतील तर प्रत्येक थर आपापल्या हिशोबाने डावीकडे सरकवा, आधी बेस, मग ऱ्हिदम, मग सोलो. माझे बारा-तेरा ट्रॅक असे परत आले, त्यातला एक माझ्या मुलीच्या जन्माच्या आठवड्यातला, तो तर मी पुसायला निघालो होतो.

हे सगळं झाल्यावरही सोलो बसत नाही असं वाटलं तर बॅकिंगमध्ये जागा आहे का बघा. घरच्या ट्रॅकचा सगळ्यात मोठा दोष माझ्या मते हाच, आपण ऱ्हिदम इतकी भरतो की सोलोला उभं राहायला फूटभर जागा उरत नाही. सहाच्या सहा तारा, सोळा स्ट्रोक, चार मिनिटं न थांबता. भरगच्च कॉर्ड सोडा, साधं ए मायनर सेव्हन आणि डी सेव्हन घ्या, आणि प्रत्येकातले दोनच स्वर वाजवा. ए मायनर सेव्हनमधले सी आणि जी, डी सेव्हनमधले सी आणि एफ शार्प. सी जागचा हलत नाही, जी फक्त एक घर खाली एफ शार्पवर येतो. दोन बोटांत अख्खा बदल ऐकू येतो, खालचे स्वर बेसकडे, वरचं सगळं आकाश सोलोला मोकळं. आणि गंमत म्हणजे सोलोला रस्ताही त्यातच सापडतो. ए ला सा मानलं तर मायनर पेंटाटॉनिक म्हणजे आपला धानीचा आरोह, सा ग म प नि, ग आणि नि कोमल, आणि तो एफ शार्प म्हणजे शुद्ध धैवत. डी सेव्हन आला की त्या धैवतावर येऊन थांबायचं, काफी थाटाचा दरवाजा उघडल्यासारखं वाटतं. वर-खाली पेंटाटॉनिक घासत बसण्यापेक्षा ट्रॅकशी बोलल्यासारखं होतं.

मिक्समध्ये करायचं असेल तर ऱ्हिदमचं १०० हर्ट्झच्या खालचं कापा, २ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, ऱ्हिदम दोनदा वाजवून एक डावीकडे एक उजवीकडे ठेवा, सोलो मध्ये. आणि रेकॉर्ड करताना पातळी उणे १२ च्या आसपास ठेवा, लाल दिव्यापर्यंत नेऊ नका. यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही, जागा मोकळी असेल तर ईक्यूचं काम फार उरत नाही.

लांबीचं पण बघा. ९० च्या लयीत बारा बारचा ब्लूज म्हणजे ३२ सेकंद, सात फेऱ्या म्हणजे पावणेचार मिनिटं, बास झालं. त्यातली एक आड एक फेरी तुम्ही गप्प राहायचं, किंवा चार बार वाजवून चार बार ऐकायचं, सवाल-जवाबासारखं. वीस मिनिटांच्या ट्रॅकवर मी काय वाजवलं ते मलाच आठवत नाही, पावणेचार मिनिटांचा दहा वेळा घेतला तर तिसऱ्या वेळी काय सापडलं ते सातव्या वेळी परत हातात येतं.

आकडा पक्का झाल्यावर मी काकांना परत बोलावलं. त्यांनी तसेच डोळे मिटून ऐकलं, बोटं मांडीवर, या वेळी मध्येच थांबले आणि म्हणाले, "आता छान आहे. पण तार ओढतोस ना, त्या एका जागी मागे राहतोस. बाकी सगळीकडे समेवर." मी झूम करून बघितलं. बेंडचा ठोका अगदी मात्रेवर पडला होता, पण ठोका जिथे पडतो तिथे स्वर अजून खालचा असतो, तो वर चढून पोचायला वेळ लागतो, आणि कान ठोका नाही, पोचलेला स्वर मोजतो. तेव्हा आता बेंड मात्रेच्या आधी सुरू करतो, म्हणजे स्वर मात्रेवर पोचेल. किंवा तार आधीच न वाजवता ओढून ठेवायची आणि मग मात्रेवर छेडायची. गेले तीन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर हेच चाललंय, दुसऱ्या तारेचं आठवं घर दहाव्यापर्यंत ओढायचं, क्लिक ७० वर, पोचायचं बरोबर एकवर.